मागच्या चाकाची चार बोटं

हमीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. नसरीन, त्याची मुलगी, एवढंच म्हणाली, "काका, अब्बा गेले. चहा मागितला आणि कप हातात घ्यायच्या आत गेले." मी अरे अरे म्हणालो, खुर्चीवर बसलो आणि... आता लपवायचं काय, ऐंशी उलटून गेली, खरं तेच सांगतो. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की चला, आता ती गोष्ट माहीत असणारं कुणी उरलं नाही. साठ वर्षांचा दोस्त गेला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मग अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी ढसाढसा रडलो, पण ते नंतर.

हमीदभाईवर लिहा असं पेपरच्या पुरवणीवाल्यांनी म्हटलं तेव्हा आधी मी साफ नाही म्हणालो होतो. त्यांना पाहिजे होता जुन्या गाड्यांचा नामांकित कारागीर, दिलदार माणूस वगैरे. तसा तो होताच. पण त्याच्याबद्दल लिहायचं तर एका बाईच्या मरणाबद्दल लिहावं लागेल. त्या मरणाचं ओझं त्यानं एकट्यानं वाहिलं, आणि त्यातला निम्मा वाटा माझा होता. ते मी त्याच्या तोंडावर एकदा तरी बोलायला हवं होतं. बोललो नाही.

मी कन्नडकडचा. पाट्या रंगवता रंगवता औरंगाबादला आलो आणि हर्सूलच्या रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांना रंग मारायला लागलो. (कागदोपत्री आता संभाजीनगर म्हणतात, तोंडाला जुनं नाव बसलेलं आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं.) हमीदभाई तिथं डेंटर होता. पत्रा ठोकायचा, वाकवायचा, जोडायचा. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा, पण हात असा की पत्र्यावर नखानं टकटक करून आत गंज किती खोल गेलाय ते सांगायचा. मला तो नावानं कधी हाक मारायचा नाही, पेंटरच म्हणायचा. आणि माझी कायम फिरकी घ्यायचा, की पेंटर, तुझं काम म्हणजे माझ्या कामावर पांघरूण घालायचं. मी चिडायचो. त्याला तेच पाहिजे असायचं.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि जहागीरदारांच्या मोठमोठ्या विलायती गाड्या गावोगाव झाडाखाली उभ्या राहिल्या. कुणी हैदराबादला गेलं, कुणी त्याच्याही पुढं. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्या गाड्या एकेक करून बागाईतदारांकडं, व्यापाऱ्यांकडं गेल्या, आणि घेणारा प्रत्येक जण म्हणायचा, हिला जरा नवीन करून द्या. त्या गाड्यांवर आमचं घर चाललं. हमीदभाईचं एक ठाम मत होतं. गाडी तोंडानं ओळखायची नाही, मागच्या चाकानं ओळखायची. संध्याकाळी काम संपलं की आम्ही सायकलवर क्रांती चौकात जायचो, तेव्हा त्याला काला चबुतरा म्हणत, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या बघत उभे राहायचो. तो मला शिकवायचा. बघ, ही लई जुनी, हिचं चाक पार शेवटाला, मागची सीट बरोबर चाकावर, दार चाकाच्या कमानीनं खालून कापलेलं. बसणाऱ्याच्या कमरेची वाट लागणार. ही जरा नंतरची, हिचं चाक सीटच्या मागं सरकलं, दार सरळ झालं, माणूस दोन चाकांच्या मधी झुल्यासारखा बसला. आणि ही एकदम नवी, अमेरिकी थाटाची, हिची शेपटी बघ चाकाच्या मागं किती लांब गेली, जाताना असं वाटतं की गाडी निघून गेली तरी थोडी अजून शिल्लक आहे. काही गाड्यांच्या मागच्या चाकावर पत्र्याची झाकणी असायची. सगळी कमान झाकून टाकलेली, चाक दिसायचंच नाही, खाली रबराची एक काळी कड तेवढी. अशी गाडी समोरून गेली की हमीदभाई तोंड फिरवायचा. चाक दिसत नाही ती गाडी मला चालताना बघवत नाही, म्हणायचा. मला मात्र झाकणी फार आवडायची. रंग मारायला अख्खी बाजू सलग मिळते ना!

अशातच कन्नडचे आबासाहेब आले. मोठे बागाईतदार, बोलायला मऊ. त्यांनी एका जहागीरदाराची जुनी मोठी गाडी घेतली होती, आणि त्यांच्या घरच्यांना, म्हणजे वहिनीसाहेबांना, पाठीचं दुखणं होतं. मागची सीट चाकावर, प्रत्येक खड्डा थेट पाठीत. आबासाहेब म्हणाले, चाक मागं घेता येईल का, नव्या गाड्यांना असतं तसं? आणि दिसायलाही जरा नवी दिसू द्या. बायकोच्या पाठीसाठी अख्खी गाडी कापायला निघालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. हमीदभाईनं चार दिवस विचार केला. मी भिंतीवर खडूनं गाडीची बाजू काढून दाखवली, चाक मागं, शेपटी लांब. त्याला ते चित्र पटलं. त्यानं चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, कापली, स्प्रिंगचे पाटे हलवले, ॲक्सल चार बोटं मागं घेतला. इंच-बिंच आमच्याकडं नव्हतं. काम शिकवणाऱ्या उस्तादानं मापाला बोटं शिकवली, आम्ही बोटंच लावायचो.

चाक मागं गेलं, पण चाकावरची पत्र्याची कमान जिथल्या तिथं राहिली. पुढं मोकळी जागा उरली आणि मागं टायर कमानीच्या पत्र्याला जवळजवळ टेकला. हमीदभाई म्हणाला, कमान कापून नवी घडवावी लागेल, अजून वीस दिवस. इकडं आबासाहेबांना चाळीसगावला लग्नाला जायचं होतं, निरोपावर निरोप. तेव्हा मी बोललो. शब्द न् शब्द आठवतो मला. "झाकणी लाव की! नवी फॅशन आहे. चाक कुठं बसलंय ते कुणाला दिसणार आहे?" हमीदभाईनं माझ्याकडं पाहिलं, चाकाकडं पाहिलं, आणि पत्रा कापायला घेतला. तीन दिवसांत दोन झाकण्या झाल्या. मी असा रंग मारला की झाकणी कुठं सुरू होते ते बोट फिरवल्याशिवाय कळेना. आबासाहेब खूश, वहिनीसाहेब बसून बघायला आल्या होत्या, म्हणाल्या, पाळण्यात बसल्यासारखं वाटतं.

लग्नाला निघताना गाडीत माणसं भरली, ट्रंका भरल्या, गाडी खाली बसली. कन्नडचा घाट उतरताना डावीकडचा मागचा टायर फुटला. घासून घासून फुटला. झाकणीच्या आत काय चाललंय ते बाहेरून कुणाला दिसणार? गाडी कठड्याला धडकून आडवी झाली. आबासाहेबांचा हात मोडला, ड्रायव्हरला मार लागला, त्यांचा आठ वर्षांचा मुलगा खरचटण्यावर निभावला. वहिनीसाहेब डावीकडं बसल्या होत्या. त्या जागेवरच गेल्या.

सगळे म्हणाले, ड्रायव्हरनं वळण जोरात घेतलं. आमच्याकडं कुणी बोट दाखवलं नाही. हमीदभाई तरीही पंधरा दिवसांनी कन्नडला निघाला, सांगून टाकतो म्हणाला. मी बरोबर गेलो, पण फक्त ST स्टँडपर्यंत. तिथं चहा पीत बसलो. दोन तासांनी तो परत आला, तोंड उतरलेलं. आबासाहेबांपुढं तो म्हणाला होता की चाक मी हलवलं, चूक माझी. आबासाहेब म्हणाले, ती गाडी घेऊन जा, माझ्या दारात नको. मी विचारलं, झाकणीचं काही निघालं का? तो म्हणाला, नाही. एवढंच. माझ्या जिवात जीव आला, आणि त्यानं ते बघितलं, याची मला आजही खात्री आहे.

पुढं हमीदभाईनं शेकडो गाड्या केल्या. त्याच्या हातची गाडी घ्यायला पुण्या-मुंबईहून माणसं यायची. पण ती एक गाडी शेडच्या मागच्या बाजूला राहिली. सवड मिळेल तसं तो तिचं काम करायचा. वर्षं गेली त्यात. चासी पुन्हा कापून त्यानं ॲक्सल मूळ जागी घेतला, चाक कमानीच्या बरोबर मध्यावर आणलं. मग गाडी विटांवर चढवून ठेवली, चाकं जमिनीपासून वीतभर वर. चालवायची नव्हतीच, फक्त नीट करून ठेवायची होती. सगळं झाल्यावर त्या जुन्या झाकण्या ठोकून सरळ केल्या आणि हातात धरून मला विचारलं, "पेंटर, झाकणी लावू का राहू देऊ? तू सांग."

मला कळलं होतं तो काय विचारतोय ते. न कळायला मी काय दूधखुळा होतो? मी म्हणालो, "लाव. छान दिसते."

त्यानं लावली. मग डावीकडच्या मागच्या चाकाजवळ जमिनीवर आडवा होऊन खालून हात आत घातला, टायर आणि कमानीचा मागचा पत्रा यांच्यात बोटं बसवून बघितली आणि म्हणाला, चार. ये, तू पण घाल. मी घातली. आत अंधार, पत्रा गार. माझी चार बोटं कशीबशी मावली. व्हय, चार, म्हणालो आणि हात पटकन बाहेर काढला. कारण काही नव्हतं. नुसतं असं वाटलं की आत हात जास्त वेळ ठेवू नये.

त्यानंतर दरवर्षी, तुळशीचं लग्न झालं की, हमीदभाई मला बोलावून घ्यायचा. त्याच सुमारास ते सगळं झालं होतं. दुपारी जेवून मी जायचो, तो पोतं अंथरून खाली झोपायचा, हात आत घालायचा. पहिली काही वर्षं चार. मग एका वर्षी तो बराच वेळ तसाच पडून राहिला आणि म्हणाला, साडेतीन. मी हसलो. पुढं तीन झाली... चाक मागं सरकतंय, पेंटर, म्हणायचा, जिथं घासत होतं तिकडं चाललंय. घाबरून नाही, पाहुणा कुठवर आला हे सांगावं तसं सांगायचा. मी त्याला झापायचो. वेड्या, वेल्डिंग केलेला ॲक्सल, विटांवर ठेवलेली गाडी, सरकतंय कशानं? जन्मभर हातोडा मारून तुझी बोटं जाड झालीत, जागा तेवढीच आहे. हे मला लई चपखल वाटलं होतं. त्याची बोटं खरोखरच केळ्यासारखी झाली होती. तो उठून बसला, बोटांकडं बघितलं आणि म्हणाला, "होगा. मग तू घाल ना हात. डरता क्या?" माझ्या हाताला रंग लागलाय असं काहीतरी मी पुटपुटलो. रंगाचं काम सोडून तेव्हा मला पाच वर्षं झाली होती.

आणि तो भुगा. झाकणीच्या बरोबर खाली, फरशीवर, काळा बारीक भुगा पडायचा. हमीदभाई झाडायचा, पंधरा दिवसांनी पुन्हा तेवढाच. रबर जुनं झालं की झडतं, मी म्हणायचो. ते खरंही आहे. पण चार चाकं होती, चारही टायर त्यानं एकाच वेळी नवे घातलेले, आणि भुगा एकाच चाकाखाली पडायचा, डावीकडच्या मागच्या. मग मी तिकडं बघायचंच बंद केलं. शेडमध्ये गेलो तरी पुढच्या बाजूला बसायचो. हमीदभाई मात्र रोज दुपारी खुर्ची ओढून त्या चाकाजवळ बसायचा. नुसता बसायचा. नसरीनची आई वैतागायची, घरात पंखा आहे आणि ह्यांना पत्र्याखाली झोप येते. तो झोपत नव्हता हे मी बघितलं होतं. मान एका बाजूला कलती करून, डोळे उघडे ठेवून बसलेला असायचा. मी बोलायला लागलो की हात वर करून थांबवायचा, आणि थोड्या वेळानं म्हणायचा, हां, बोल आता.

हमीदभाईचा चाळिसावा, म्हणजे चाळिसाव्या दिवसाचा फातिहा, झाल्यावर नसरीननं मला शेडवर बोलावलं. ती गणिताची शिक्षिका, बापासारखीच मोजून बोलणारी. गाडीचं काय करायचं ते ठरवायचं होतं तिला. म्हणाली, "काका, चाक सरकतंय असं अब्बा म्हणायचे. खरं होतं का हो?" मी बोटं जाड झाल्याची गोष्ट सांगितली. तिनं टेप काढला. मग म्हणाली, आकडा येईल हो, पण तो ताडून कशाशी बघणार? सुरुवातीला कुणी टेपनं मोजलंच नाही. मोजलं होतं बोटांनी. अब्बांची बोटं तर गेली. तुमची आहेत.

आता या पोरीपुढं नाही कसं म्हणणार? पोतं अंथरलं, तिनं धरून मला आडवं केलं. मी हात आत घातला. एक गोष्ट ध्यानात घ्या. मी हातोडा कधी धरला नाही. माझी बोटं पहिल्यापासून बारीक, म्हातारपणी तर वाळून नुसत्या काटक्या झालीत. जागा तेवढीच असती तर चारच्या जागी पाच मावायला पाहिजे होती. मी एक घातलं, दुसरं घातलं. तिसरं गेलं नाही. जोर लावला, नाही गेलं. टायर गार असायला पाहिजे होता... कोमट लागला. हात बाहेर काढला तर बोटांना काळं लागलेलं.

मी तिथंच फरशीवर पडल्या पडल्या नसरीनला सगळं सांगितलं. झाकणीचं मी बोललो होतो, तुझ्या बापानं नाही. ST स्टँडवर चहा पीत बसलो होतो तेही सांगितलं. फार वर्षांनी माझा आवाज मलाच नीट ऐकू आला. तिनं टेप हातात गुंडाळला. मग म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग, काका? कन्नडला त्यांचा मुलगा आहे ना?"

बाळासाहेब आता सत्तरीचे आहेत. घाटात वाचलेला तो मुलगा. मी फोन केला. माझं नाव सांगितलं, काय केलं ते सांगितलं. मला वाटलं होतं ते फोनवर शिव्या देतील, द्यायलाच पाहिजे होत्या. ते म्हणाले, गाडी अजून आहे? मला बघायचीय. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ते शेडवर आले, काठी टेकत. गाडीभोवती एक चक्कर मारली. रंगावरून हात फिरवला. मी समोर उभा राहिलो, हात जोडले आणि जे बोलायचं होतं ते पुन्हा बोललो, त्यांच्या तोंडावर. त्यांनी मान हलवली. मग डावीकडचं मागचं दार उघडून, आई बसली होती त्या जागी जाऊन बसले आणि दार लावून घेतलं.

आम्ही बाहेर उभे. बाहेर रस्त्यावर ट्रक चालले होते, शेजारी कुणाची तरी शेळी ओरडत होती. बाळासाहेब काचेमागं ताठ बसले होते. मग हळूहळू त्यांची मान एका बाजूला कलली. हमीदभाईची मान तशीच कललेली मी कित्येक दुपारी बघितली होती. त्यांनी काच खाली घेतली.

"आई म्हणाली होती," ते म्हणाले, "घाटाच्या आधीच म्हणाली होती. मागं काहीतरी घासतंय हो, थांबवा जरा. आबा म्हणाले, नवी झाकणं आहेत, वाजणारच. मग ती परत बोलली नाही." ते खिडकीतून वाकले. चाकाकडं बघत होते, झाकणीमुळं दिसत नव्हतं तरी. "अजून घासतंय," ते म्हणाले.

नसरीननं माझ्याकडं पाहिलं. तिला ऐकू येत नव्हतं. मला येत होतं. आणि ते ऐकत हमीदभाई इतकी वर्षं इथं एकटा बसला होता. कुणीतरी येऊन झाकणी काढ म्हणेल म्हणून बसला होता, आणि तो कुणीतरी मी होतो. मी नसरीनकडं पाना मागितला आणि गुडघे टेकून झाकणीचा पहिला बोल्ट सोडवायला घेतला.